‘लाईन गेली’चा भाव

राजेहो, माह्या बावळटपणाचे किस्से गंज आहेत, पण ह्याच्या तोडीचा दुसरा नाई. हसायचं तं खुशाल हसा. चहा येऊ द्या, मंग सांगतो.

आमचं अमरावतीले कापडाचं दुकान. तीन पिढ्या गिऱ्हाईकाशी भाव करण्यात गेल्या. लग्नाचा बस्ता बांधाले एखादं दहा माणसांचं खटलं आलं की बाबा बाराशेच्या लुगड्याचे अडीच हजार सांगत. समोरची म्हातारी सहाशे म्हणे. दोनदा चहा होई, एकदा रुसून पायरी उतरणं होई, अन् शेवटी तेराशेत जमून जाई. दोघंही खुश! मी ह्याच शाळेत शिकलो. कॉलेजात नुसती हजेरी लावली.

इरफान माहा कॉलेजातला दोस्त, अकोल्याच्या जुन्या शहरातला. त्याच्या अब्बाचं गादी-रजईचं दुकान. तेही लग्नसराईवरच चालणारं. अन् ते बोंडअळीचं साल आठवते ना तुमाले? कापूस बोंडातच सडला, खेड्यापाड्यातली लग्नं पुढं ढकलल्या गेली. लग्न नाई तं बस्ता नाई, बस्ता नाई तं गादी नाई. आमचे बाबा दिवसभर तेच तागे उलगडत अन् त्याच घड्या पुन्हा घालत. तिकडे अब्बाची कापूस पिंजायची मशीन बंद, तिच्यावर मांजर झोपलेली.

त्या उदास दिवसात इरफाननं एकट्यानं खपून एक व्हिडिओ गेम बनवला. नाव ‘लाईन गेली’. आई पोराच्या डोक्यावर गव्हाचा डबा देऊन त्याले चक्कीवर धाडते. लाईन जाऊन चक्की अन् दिवे बंद पडायच्या आत दळण घेऊन घरी यायचं. वाटेत कुत्रं आडवं येते, एक बुवा “कोनाचा रे तू?” म्हणून थांबवते, चक्कीसमोर डब्यांची रांग. अन् लाईन कधी जाईल याचा काही नेम नाई. बाप्पा, काय चित्रं काढली होती! पाहून मले पिठाचा वास आला.

ठरलं असं होतं की गेम चालला तं इरफान अकोल्यातच राहीन अन् दुसरा बनवीन. नाई चालला तं सुरत. तिथं त्याच्या मामाचा फोमच्या गाद्यांचा कारखाना. कापसाच्या गादीवाल्याचं पोरगं फोम विकाले! नुसत्या विचारानंच त्याले जेवण जात नव्हतं.

गेम त्यानं बनवला, विकाचं मी अंगावर घेतलं. कावून? तं म्हणे धंदा आमच्या रक्तात आहे!

इंटरनेटवर गेमचं एक मोठं परदेशी दुकान असते. तिथं आपला गेम मांडायचा, भाव आपणच टाकायचा.

“दीडशे टाक,” इरफान म्हणाला. “दोन तासाचा गेम आहे. एवढ्याचे तेवढेच देतात लोक.”

“दीडशे? अबे, मंग गिऱ्हाईक कमी करा म्हणेल तवा कुठं जाशीन? सातशे टाक.”

“तिथं कोणी कमी करा म्हणत नाई बे. तिथं बटण असते. घ्यायचं असलं तं दाबते, नाई तं चालला जाते.”

“बटण दाबणारा माणूसच आहे ना? माणूस आला की भाव करणारच.”

तो माह्याकडे पाहतच राह्यला. “पंक्या, तुले नक्की समजते ना रे?”

“तीन पिढ्या!” मी छाती ठोकून म्हटलं. अन् त्यानं ऐकलं. सांगा आता, अशा माणसाले काय म्हणावं?

गेम दुकानात लागला. पयल्या दिवशी एकही गेला नाई. मी बिनधास्त! गिऱ्हाईक चार दुकानं फिरून येते, ठाऊक आहे आपल्याले. दुसऱ्या दिवशीही सामसूम. तिसऱ्या दिवशी पोलंडच्या एका बाबानं गेमच्या पानाखाली लिहिलं, “एवढ्याशा गेमले सातशे? फार महाग.”

मी खुर्चीतून उडालोच! अहो, जो छान आहे म्हणते तो हात पुसून निघून जाते. महाग म्हणते तोच घेते! मी इरफानले विचारलंही नाई. लगेच इंग्रजीत ठोकून दिलं, “तुमीच सांगा, किती द्याल?”

त्याले वाटलं थट्टा आहे. तो म्हणे, “पन्नास.”

मी लिहिलं, “पन्नासात तं आमच्या घरात पडत नाई. बोहनीची वेळ आहे, सहाशे द्या.”

बस! तिथून जत्राच भरली. ब्राझीलचा आला, तुर्कस्तानचा आला, एक कुठला तं बर्फातला आला. साऱ्या दुनियेले समजलं, अमरावतीचा एक येडा भाव करून राह्यला. कोणी साठ म्हणे, कोणी सत्तर. मी रुसून पाहिलं, “राहू द्या, नाई परवडत” म्हणून पाहिलं. पायरी उतरणारं कोणी नव्हतंच, सारे आपापल्या घरी बसून खदखदा हसत होते. शेवटी ऐंशीत जमलं. ऐंशीत! इरफानच्या दीडशेच्या जवळपास अर्ध्यात. अन् मी ऐटीत इरफानले फोन केला, “घे, गिऱ्हाईकाची लाईन लावली!”

“आता भाव कमी कसा करशीन?” त्यानं विचारलं. “एकदा भाव टाकला की महिनाभर हात लावता येत नाई. नियम आहे. वाचला नाई का?”

वाचतो कोण! पण शब्द दिला होता. दुकानदाराची जबान म्हणजे जबान. मंग मले एक वाट दिसली. गेम बनवणाऱ्याले दुकान थोडे कोड देते, ज्याले कोड दिला त्याले गेम फुकट उघडते. मी त्या साऱ्याइले कोड वाटले अन् लिहिलं, “माल घेऊन जा, ऐंशी रुपये सवडीनं पाठवा.” आमच्या दुकानात माणसं अशीच नेतात अन् आणूनही देतात!

त्याइनं नेले. आणून कोणीच दिलं नाई.

आठवड्यानं मी दुसऱ्याच एका वेबसाइटवर आपला गेम साठ रुपयात पाहिला. एवढा आनंद झाला! इरफानले म्हटलं, “पाह्य, आपला माल दुसऱ्या दुकानातही लागला!”

त्यानं एक नजर टाकली. “हे आपलेच कोड आहेत बे. फुकट घेतले अन् विकून राह्यले.” त्याचा आवाज चढला नाई. शिव्या दिल्या असत्या तं बरं वाटलं असतं.

महिना संपला तवा हिशोबात पूर्ण भावाचा एकच गेम गेलेला. सातशेत! मी इरफानच्या घरी, त्याच्या अब्बासमोरच म्हटलं, “पाह्यलं? घेणारा घेते! कोण असेल बरं हा?”

अब्बा गादीले टाके घालत होते. मान वर न करता म्हणाले, “मैं.”

“तुमी, चाचा?” मी विचारलं.

“कोनेवाली कंप्यूटर की दुकान में जाके खरीदा,” ते म्हणाले. “खेला भी. आटा लेके घर पहुँच गया मैं. अच्छी बनाई है इसने. मगर बेटा, सारी दुनिया को मुफत में बाँट दी, और बाप से पूरे सात सौ?”

इरफान हसला अन् हसता हसता भिंतीकडे तोंड करून बसला. अब्बानं सुई ठेवली. “बुरा मत मानना. मशीन कबसे बंद है, तुम देख रहे हो. सूरत की टिकट निकाल दी है इसकी.”

मी मान डोलावली. चहा पिला. बशी खाली ठेवली.

अकोल्याच्या स्टेशनवर मीच त्याले सोडाले गेलो. मी माफी मागाले तोंड उघडलं तं त्यानं हातानंच थांबवलं.

“गेमचं जाऊ दे,” तो म्हणाला. “मले एकच सांग पंक्या. त्या पोलंडवाल्याशी तू रुपयारुपयासाठी भांडला. अन् अब्बा तुह्यासमोर मले सुरतले धाडून राह्यले होते, तवा चूपचाप चहा पीत बसला? ‘चाचा, थोडे दिवस अजून द्या’, एवढं म्हणाले तुले काय झालं होतं बे?”

गाडी हलली, तो आत गेला, अन् मी प्लॅटफॉर्मवर लहान पोरावाणी रडलो. आजूबाजूचे पाहत होते. पाहू द्या म्हटलं.

अन् आता खरं सांगतो, हसा मंग. रडता रडता माह्या डोक्यात काय चालू होतं? चार महिन्यांची मुदत मागाले पाह्यजे होती. अब्बा दोनवर नक्की आले असते.