कुंभारणीचा कोपरा

सोसायटीच्या फाटकाशी पहाटे बुचाच्या फुलांचा पांढरा सडा दिसू लागला, की दुपारचे ऊन कितीही तापो, थंडी वाटेत आहे हे मला कळते. कीटकांना ते माझ्याही आधी कळते. पावसाळाभर झाडांवर सुखाने राहिलेले ते हिरवे, ढालीसारखे किडे, चिरडले तर कोथिंबिरीसारखा उग्र दर्प सोडणारे, उबेच्या ओढीने खिडक्यांच्या फटी हुंगत फिरू लागतात; आणि मी दिवाळीची साफसफाई काढते.

जाळ्यांची भोके शिवायची, सरकत्या खिडक्यांना नवी लोकरी पट्टी चिकटवायची, कपाटांत कडुनिंबाचा वाळला पाला पसरायचा, हा माझा दरवर्षीचा नेम. यंदा मात्र माझा हात अधिकच कडक झाला होता, आणि त्याचे कारण, ईरा, तू होतीस. गेल्या डिसेंबरात तुझ्या उशीवर असाच एक किडा निघाला. उरलेली सुट्टी तू माझ्या कुशीत काढलीस आणि निघताना अगदी सभ्यपणे विचारलेस, "आजी, पुढच्या वेळी आपण हॉटेलात राहायचं का?" तुझ्या बाबाने ते हसण्यावारी नेले. मला ते वर्षभर आठवत राहिले.

तुमच्या खोलीची खिडकी मी शेवटी घेतली. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, पट्टी जिथून जायला हवी नेमके तिथेच, बोराएवढे मातीचे मडके चिकटले होते. कुंभारीण माशीने आत अंडे घालून, पिल्लासाठी अळ्यांचा शिधा भरून, वरून तोंड लिंपून टाकले होते. मी तुझ्या आजोबांना स्टूल धरायला बोलावले आणि सुरी उचलली.

"सोसायटीची एनओसी घेतली होती का, विचार तिला," ते म्हणाले. मग चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. "अगं, तिनंही फटच बुजवलीय. तुझ्यापेक्षा सफाईनं."

सुरी तशीच हातात राहिली.

संध्याकाळी व्हिडिओवर तुला ते मडके दाखवले. लपवावेसे फार वाटले, पण तुझ्याच खोलीतले तुझ्यापासून कसे लपवू? तू नाक फोनच्या पडद्याला टेकवलेस. थंडीभर पिल्लू तिथेच झोपणार का, असे विचारलेस. मी हो म्हटले.

"मग मी येईपर्यंत त्याला उठवू नकोस," तू म्हणालीस.

पट्टी आता त्या कोपऱ्याच्या बोटभर अलीकडेच थांबते. तेवढ्या फटीतून पहाटे बुचाचा गंध येतो, गार वारा येतो, आणि काल एक लाल ठिपक्यांचा किडाही आला. मी त्याला कागदावर घेऊन बाहेर सोडले, आणि परत येताना खिडकी नेहमीपेक्षा हळू लावली.