सुकलालनानांचा डावा हात

सुकलालनाना मशीन उघडायचे तेव्हा त्यांचा डावा हात पाठीमागे असायचा. नुसता मागे नाही, पँटच्या पट्ट्यात मनगटापर्यंत खोचलेला. उजव्या हातात स्क्रू-ड्रायव्हर, दातांत टॉर्च आणि डावा हात बांधून घातल्यासारखा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हात अधू असेल. मग त्यांनी त्याच हाताने चहाची बशी उचलली.

"मग मागे का ठेवता?" मी विचारलं.

"दोन्ही हात आत घातले तर करंट एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघतो, अक्का. वाटेत काळीज लागतं. एकच हात भाजला तर भाजू दे."

दुसरी सवय प्लगची. काम सुरू करण्याआधी ते भिंतीतला प्लग काढायचे आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात घालायचे. वायर मशीनपासून थेट त्यांच्या छातीपर्यंत लोंबायची. बटण बंद केलंय असं कुणी सांगितलं तर ते मान हलवायचे, पण प्लग खिशातच. "बटण दुसऱ्याच्या हातात असतं. प्लग माझ्या खिशात."

एक्याण्णव-ब्याण्णवच्या सुमारास जळगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी व्हिडिओ गेमचं पार्लर चालवत असे. आमचे मालक रेल्वेत, रोज भुसावळला जाऊन-येऊन. घरात बसून करता येईल असा धंदा मला हवा होता. दोन मशिनी होत्या, दोन्ही पत्र्याच्या. खरे गेमचे मॉनिटर आम्हाला परवडणारे नव्हते, म्हणून आत साधे जुने टीव्ही बसवलेले. गेमचा बोर्ड एका घराण्याचा, टीव्ही दुसऱ्या घराण्याचा, आणि त्यांचं पटवून देणारा माणूस आमच्या भागात एकच, धुळ्याचे सुकलालनाना. महिन्यातून एकदा ते एसटीने यायचे. आधी जळगाव, मग भुसावळ.

नवा बोर्ड आणला की पहिल्या दिवशी पडद्यावर गेम नसायचाच. चित्र तिरकं फाटलेलं, खालून वर पळणारं, माणसाचं डोकं एकीकडे आणि पाय दुसरीकडे. एकदा मी विचारलं, हे होतं तरी का? नाना म्हणाले, "लेझीम पाहिली ना? हलगीवाला ठोका देतो, पोरींची ओळ वळते. बोर्ड हा हलगीवाला. प्रत्येक ओळीला ठोका देतो, आता वळा. टीव्हीला तो ऐकू आला नाही तर ओळ आपल्या मनाने वळते. मग काय, धिंगाणा." आमच्या बोर्डाचा ठोका टीव्हीला हवा तसा नव्हता, नेमका उलटा यायचा. नानांनी मधे एक बारकासा ट्रान्झिस्टर आणि दोन रेझिस्टन्स जोडले, ठोका सुलटा केला, आणि चित्र जागेवर उभं राहिलं.

पण ते जुळेपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसे. ठोका चुकला की टीव्हीतून येणारी बारीक शिटी बदलते आणि तशीच चालू राहिली तर आतला मोठा भाग जळतो, असं त्यांचं म्हणणं. ती शिटी त्यांना स्वतःला नीट ऐकू यायची नाही. म्हणून ते माझ्या मुलीला, वैशालीला, जवळ उभं करायचे. ती तेव्हा दहा वर्षांची होती.

"बेटा, शिटी येते का?"

"येते."

"एकसारखी की खालीवर?"

"खालीवर, नाना."

की नाना प्लग ओढून खिशात घालणार आणि कपाळ पुसणार. गल्लीतले लोक हसायचे. समोरचा सायकलवाला तर दारातूनच ओरडायचा, "नाना, टीव्ही चावला का?" नाना चिडायचे नाहीत. "भ्यावनी काय लाज?" एवढंच म्हणायचे. एरवी ते माझ्याशी शहरातलं मराठी बोलायचे, पण घाबरले की अहिराणीवर यायचे. हे मला हळूहळू कळलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नसे, भाषेवरून ओळखायचं.

पत्र्याच्या मशीनला नाना सगळ्यात जास्त भीत. त्या जुन्या टीव्हीचा सांगाडा थेट भिंतीतल्या विजेला जोडलेला असतो. चित्र हवं तर बोर्डाची तार त्या सांगाड्याला जोडावीच लागते आणि बोर्ड पत्र्याला टेकलेला. म्हणजे मुलांचे हात विजेवर. म्हणून त्यांनी प्रत्येक मशीनमध्ये विटेएवढा लोखंडी ट्रान्सफॉर्मर बसवला होता. तो मधे असला की टीव्ही भिंतीतल्या विजेपासून तुटतो. वरून प्रत्येक दोन पिनांच्या प्लगच्या एका बाजूला लाल रंगाचा ठिपका दिला होता, ठिपका वर ठेवूनच लावायचा, म्हणजे सांगाड्याला करंट नसलेली तार लागते; उलटा लावला तर करंटची. ट्रान्सफॉर्मर असताना ठिपका कशाला, असं मी म्हटलं तर म्हणाले, "भीती दोन असाव्यात. एक विसरली तर दुसरी कामाला येते."

पुढच्या उन्हाळ्यात नाना काविळीने आजारी पडले, दोन महिने आलेच नाहीत. मधे एका मशीनचं चित्र थरथरायला लागलं. एक आडवा पट्टा सावकाश वर सरकायचा, पोरं कुरकुर करायची. नवा बोर्ड घेऊन सुरतेहून एक माणूस आला होता. चटपटीत, दोन्ही हात आत घालणारा. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "ये लोहे का डब्बा पिक्चर हिला रहा है, और कुछ नहीं." ट्रान्सफॉर्मर काढला, तारा सरळ जोडल्या. चित्र पाटीवर काढल्यासारखं स्थिर. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काढलेला ट्रान्सफॉर्मर चांगला जड होता. दार वाऱ्याने आपटायचं, त्याला मी तो लावून ठेवला.

मे महिना होता. जळगावचा मे ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. फरशीवर मी दुपारी पाणी शिंपडायची. खोली घरातलीच, म्हणून चपला बाहेर काढून आत यायचा नियम. त्या दिवशी चारच्या सुमारास लाईट गेली. पोरं घरी गेली नाहीत. लाईट येताच आपला नंबर जाऊ नये म्हणून त्याच मशीनला चिकटून उभी राहिली, ओल्या फरशीवर, अनवाणी, हात पत्र्यावर. वैशाली मशीनच्या, नाणी पडतात त्या पत्र्याच्या दाराशी, कुलपात अडकलेल्या किल्लीशी झटापट करत होती.

नाना त्याच वेळी आले. पिवळे पडलेले, सदरा अंगावर झुलत होता. "या नाना, बरं वाटतंय का?" मी म्हटलं. ते दाराला लावलेल्या ट्रान्सफॉर्मरकडे पाहत होते. मग त्यांनी आत पाहिलं. मशीन, पोरं, फरशी.

"ए पोरेहो," ते एकदम हसून म्हणाले, "बाहेर माकडवाला उना शे! चाला बठ्ठा!"

पोरं धावत सुटली. मी मात्र रस्त्याकडे पाहिलं नाही, कारण नाना अहिराणीत बोलले होते.

वैशाली गेली नाही. तिला माकडापेक्षा किल्ली महत्त्वाची. एक तळवा पत्र्याला टेकवून ती किल्ली ओढतच होती. मी तोंड उघडलं, तर नानांनी माझ्याकडे न पाहता हाताने थांबवलं. आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "बेटा, माले पानी दे. घसा सुकी गया."

"थांबा ना, ही किल्ली..."

"पहिले पानी, बेटा."

तिने तोंड वाकडं केलं, हात काढला, आणि आत गेली. ती माठाशी पोचली नसेल, तोच पंखा फिरला. मशीनमधून गाणं सुरू झालं. चित्र आलं, स्थिर, सुंदर.

नानांनी डावा हात मागे खोचला, खिशातून टेस्टर काढला आणि नाण्यांच्या त्या दाराला लावला. टेस्टरमधला दिवा लाल पेटला.

नानांनी मशीनच्या मागे वाकून प्लग ओढला आणि मला दाखवला. लाल ठिपका खालच्या बाजूला होता. लाईट गेल्यावर मशीनमागची फरशी पुसताना कामवाल्या बाईने प्लग काढला होता आणि हाताला येईल तसा परत लावला होता. तोपर्यंत इतके दिवस सगळी पोरं वाचली ती फक्त ठिपका वर होता म्हणून.

"करंट आहे, असं सांगायचं ना पोरांना," मी म्हटलं.

"करंट म्हटलं की पोरं हात लावून पाहतात, अक्का."

तेवढ्यात पोरं परत आली. "नाना, माकडवाला कुठंय?"

"हा काय समोर बसलाय," नाना म्हणाले. ते खाली बसले होते. वैशालीने आणलेलं पाणी पिताना निम्मं सदऱ्यावर सांडलं.

मग त्यांनी प्लग खिशात घातला आणि ट्रान्सफॉर्मर परत बसवला, या वेळी आडवा आणि टीव्हीपासून लांब, तळाशी. चित्र जरासुद्धा थरथरलं नाही. "त्याचं चुंबक चित्राला ओढत होतं. नुसतं तोंड फिरवायचं होतं," ते म्हणाले. सुरतवाल्याला एक शिवीही दिली नाही. मी दिल्या, भरपूर.

दुसऱ्या दिवशी मी दारावर पाटी लावली, 'चपला घालूनच आत यावे'. गल्लीत वर्षभर चेष्टा झाली. लोक हळदीकुंकवालाही मला विचारायचे, चपला घालून येऊ का?

पार्लर पुढे बंद पडलं. घरोघर केबल आली, पोरं फिरकेनाशी झाली. मशिनी भुसावळच्या एकाने नेल्या तेव्हा नाना टेम्पोत पुढे बसून सोबत गेले, त्या माणसाला ठिपका दाखवायला.

नंतर चार-पाच वर्षांनी ते गेले. तीच कावीळ उलटली. विजेने गेले असतील, असं इथे बरेच जण समजून चालले होते. मी प्रत्येकाला सांगितलं, नाही. वीज त्यांना शिवली नाही.

मी आणि वैशाली धुळ्याला भेटायला गेलो. ती तेव्हा कॉलेजात होती. नानांच्या पुढच्या खोलीत बायका दाटीने बसल्या होत्या, लाईट नव्हती, उकाड्याने जीव नकोसा झालेला. भिंतीला लोखंडी कपाट, शेजारी टीव्ही, त्यावर त्याचा प्लग काढून ठेवलेला. नानांच्या बायकोला कुणीतरी पदराने वारा घालत होतं.

एकदम पंखा फिरला. "आली, आली," म्हणत सगळ्यांनी वर पाहिलं. मी वैशालीकडे पाहिलं. कपाटाला टेकलेली ती सरळ होऊन बसली होती आणि तिचा डावा हात पाठीमागे गेला होता.