गोल्फ मास्तर उस्मान शेख

उस्मान शेख नेमकं काय काम करतो, हे अकोटात कोणाला धड सांगता येत नसे. शेजारी म्हणत, "कामठीकडे मिलिटरीत हाये." कोणी म्हणे, साहेब लोकांच्या मैदानावर माळी आहे. त्याची अम्मी मात्र विचारणाऱ्याला ठासून सांगायची, "पढाता है." काय पढाता है, हे तिलाही नीटसं ठाऊक नव्हतं. उस्मान गोल्फ शिकवत होता.

त्याचे अब्बा अकोटच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्राचा रूळ ते नुसत्या तळव्याने चाचपत आणि तो घासला गेलाय की अजून चालेल, ते सांगत. ते वारले, पुढच्याच हंगामात मालकाने जिनिंग विकली, आणि एकोणीस वर्षांचा उस्मान कामठीला मामूकडे गेला. मामू शिलाईचं काम करायचे. त्यांच्या एका गिऱ्हाइकाच्या ओळखीने उस्मानला गावाबाहेरच्या जुन्या गोल्फ मैदानावर खेळाडूंच्या काठ्यांची जड पिशवी वाहण्याचं काम मिळालं. एका फेरीला तीन तास. उन्हात चालायचं, चेंडू कुठे पडला ते बघायचं, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

तो बोलत नव्हता, पण बघत होता. कोणाचा खांदा आधी फिरतो, कोणाचं मनगट ढिलं पडतं. एका म्हाताऱ्या डॉक्टरने वाकडी झालेली लोखंडी काठी फेकून दिली, ती याने उचलली. मामूच्या ओळखीच्या लोहाराकडे सरळ केली आणि पहाटे मैदानावर कोणी नसताना मारायला लागला. काठ्यांच्या मुठी बदलायच्या, काठीचं लोखंडी डोकं किती कलतं ठेवायचं, हे काम हात अब्बांचेच असल्यासारखं जमून गेलं. आधी काठी दुरुस्त करून घ्यायला आलेले लोक मग हळूच विचारायचे, "उस्मान, जरा बघ, माझा चेंडू उजवीकडेच का जातो?" गोल्फ शिक्षकाची परीक्षा तो इंग्रजीमुळे दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा पास झाला तेव्हा चौतिशी उलटली होती.

लग्न झालं, पण संसार दोन गावांत राहिला. रईसा आणि मुलगी उज्मा अकोटात अम्मीजवळ. अम्मीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ती घर सोडायला तयार नव्हती. उस्मान दीड-दोन महिन्यांतून एकदा एसटीने यायचा, तीन दिवस राहायचा आणि उज्मा शाळेत गेली की निघायचा. तिच्यासमोर निघालं की ती रडायची.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत त्याला शेषराव वाकोड्यांचा फोन आला. वाकोडे अमरावतीचे, प्लॉट पाडून विकायचा धंदा. बडनेऱ्याच्या पुढे टाकळी नावाच्या खेड्याची जमीन घेऊन तिथे नऊ होलचं, म्हणजे चेंडू घालायच्या नऊ खळग्यांचं, गोल्फ मैदान आणि भोवती बंगले, असा त्यांचा बेत होता. त्यासाठी ते मार्चमध्ये 'विदर्भ गोल्फ मेळावा' भरवत होते. दोन दिवस दुकानं, प्रात्यक्षिकं, आणि बाहेरून आलेल्या नामी प्रशिक्षकांची भाषणं.

"उस्मानभाई, तुमी आपल्या भागातले. तुमी बोलाच," वाकोडे म्हणाले. "आणि मैदान झालं की मुख्य प्रशिक्षक तुमीच. राहाले घर देतो."

रईसाने हे ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी उज्मासाठी अमरावतीतल्या शाळांची चौकशी सुरू केली. टाकळीहून अकोट म्हणजे सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचता येईल असं अंतर. अम्मी म्हणाली, "इतना पास हो तो मैं भी आऊंगी. देखूंगी क्या पढाता है."

मेळावा हमरस्त्यावरच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये होता. दाराशी टेबलावर टाकळीच्या मैदानाचा नमुना मांडला होता. रंगवलेल्या भुशाचं हिरवं गवत, काचेच्या तुकड्याचं तळं. आतमध्ये पुढे सोफे. तिथे डॉक्टर, बांधकामवाले, व्यापारी. मागे लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांवर टाकळीचे साठेक लोक. त्यांना वाकोड्यांच्या माणसांनी दोन गाड्या भरून आणलं होतं, जेवणाचं सांगून. छापील कार्यक्रमात बाकीच्या वक्त्यांपुढे 'व्यावसायिक खेळाडू', 'राष्ट्रीय प्रशिक्षक' असं काय काय होतं. उस्मानच्या नावापुढे नुसतं 'स्थानिक' होतं. त्याला पंधरा मिनिटं दिली होती, जेवणानंतरची, लोक पेंगतात ती.

सकाळीच वाकोड्यांनी त्याला बाजूला घेतलं. "मागचे लोक काई विचारतीन. पाण्याचं कोणी काढलं तर म्हणा, आधुनिक तंत्र हाये, थेंब वाया जात नाई. बस."

उस्मानने मान हलवली. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. मालक सांगतो, आपण म्हणायचं.

दुपारी दोनला पुण्याच्या विभावरी काळे बोलायला उभ्या राहिल्या. पंचेचाळिशीच्या, उंच, बोलणं स्वच्छ. पडद्यावर एका खेळाडूच्या फटक्याची चित्रं एकामागून एक येत होती. पाचव्या चित्राला वीज गेली. भारनियमनाची वेळ वाकोड्यांना माहीत होती, जनरेटरही होता. तो सुरू झाल्यावर पंखे फिरले, माईक चालला, पडदा काही उजळला नाही. दहा मिनिटं दोन माणसं वायरींशी झटत राहिली. शेवटी विभावरीबाईंनी माईक उस्मानकडे दिला. "तुम्ही आधी बोलून घ्या. तुम्हाला पडदा लागणार नाही ना?"

"नाही मॅडम."

त्याने लिहून आणलेला कागद काढला, त्यावरची दोन वाक्यं वाचली आणि कागद खिशात घातला. पुढे तो साध्या वऱ्हाडीत बोलला. काठी कशी धरायची, जोर हातात नसून कमरेत कसा असतो. "लाकडं फोडतानी आपण दांडा आवळून धरत नाई. आवळला त फोड येते. इथंही तसंच." लाल खुर्च्यांवरची माणसं सरसावून बसली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना काहीतरी समजत होतं. सोफ्यावरचे दोघे-तिघेही उभे राहून हात जुळवून बघायला लागले. पंधराची पंचवीस मिनिटं झाली तरी कोणी थांबवलं नाही.

मग मागून एक म्हातारा उठला. धोतर, टोपी, आवाज खणखणीत. "मी नत्थुजी. टाकळीचा. भाऊ, तुमी आपल्यातले दिसता म्हणून इचारतो. ह्या गवताले पाणी किती लागते?"

उस्मानने पुढच्या रांगेत वाकोड्यांकडे पाहिलं. "बाबाजी, आता आधुनिक तंत्र हाये. थेंब वाया जात नाई."

नत्थुजी बसले. पण त्यांच्या शेजारची एक बाई बसल्या जागेवरूनच बोलली. ती केशरबाई, हे उस्मानला नंतर कळलं. "वाया नाई जात, समजलं. पण लागते किती? का तंत्र आलं की गवताले तहानच लागत नाई?"

सगळा हॉल हसला. सोफेही हसले. उस्मानला हसू आलं नाही. त्याच्या मनात वाकोड्यांचं घर आलं, उज्माच्या शाळेची चौकशी आली. पण प्रश्न साधा होता आणि उत्तर त्याला पाठ होतं. वीस वर्षं तो माळ्यांबरोबर चहा प्यायला होता. शिकवणाऱ्या माणसाला कोणी सरळ प्रश्न विचारला की उत्तर द्यायची सवय लागलेली असते, तोंड उघडलंच.

"उन्हाळ्यात नऊ होलच्या मैदानाले रोज सात-आठ लाख लिटर. दहा हजार लिटरचा मोठा टँकर धरला त सत्तर-ऐंशी टँकर. रोज."

हॉलमधलं हसू विरलं. त्याला वाटलं, एवढंच बोलून थांबलो तर वाकोड्यांचं काम बुडवून बसू. म्हणून तो घाईने पुढे बोलला. "पण गवत पायजेच असं नाई. मी शिकलो तवा आमचं मैदान बिनगवताचं होतं, गवत मांगून आलं. होलभोवती रेती टाकायची, जळकं ऑइल पाजून दाबायची, रूळ फिरवायचा. त्याले ब्राउन म्हणतात. चेंडू झ्याक पळते. बाकी मैदान बरड चालते. खेळणाऱ्यानं चटईचा तुकडा संगं घ्याचा, त्याच्यावर चेंडू ठेवून माराचा. पाणी शून्य."

वाकोडे हसत हसत मंचावर आले, माईक घेतला, उस्मानचे आभार मानले आणि चहाची सुट्टी जाहीर केली. मागच्या दाराशी मात्र त्यांचा चेहरा बदलला. "तेलकट रेतीच्या शेजारी बंगला घेईन का कोणी? मी तुमाले काठी धराले शिकवाले बोलावलं होतं. टँकर मोजाले नाई."

"त्यांनी विचारलं, साहेब."

"मीही सकाळी काई सांगितलं होतं." ते दोन पावलं गेले, मग परत वळले. "घराचं राहू द्या आता. उद्याही येऊ नका."

उस्मान बाहेर चहाच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. नत्थुजी आणि केशरबाई त्याच्याकडे आले. त्याला वाटलं, ही माणसं आता म्हणतील, आमची जमीन वाचवली.

"मास्तर," नत्थुजी म्हणाले, "बरं झालं सांगितलं. आमी विकूनच रायलो, ते काई थांबत नाई. पोरं शेती करत नाई, भाव नाई. पण आता नदीकडची विहीर सोडून विकू. पूर्ण गाव तिच्यावर पिते."

"विकणार?"

"नाई त काय करावं?" केशरबाई म्हणाली. "पण विहीर नाई देत." तिने टेबलावरून दोन बिस्किटं उचलून पदरात बांधली आणि ती गाडीकडे निघून गेली.

विभावरीबाईंनी हे लांबून पाहिलं होतं. जवळ येऊन त्यांनी वेगळंच विचारलं. "तुम्ही खरंच ब्राउन्सवर शिकलात? मी कधी खेळलेच नाही त्यांच्यावर. तुमचं मनगट इतकं शांत तिथेच झालं असणार." आणि मग म्हणाल्या, "उद्या माझा एक तास आहे. मारून दाखवायला मला माणूस लागतो. तो माणूस कोण, हे मी ठरवते."

दुसऱ्या दिवशी छापील कार्यक्रमावर उस्मानच्या नावावरून शाईची रेघ ओढलेली होती. विभावरीबाईंनी वाकोड्यांसमोरच त्याला मंचावर बोलावलं. त्या बोलत गेल्या, तो मारत गेला. दोनदा मध्येच थांबून त्यांनी त्याला विचारलं, "इथे तुम्ही काय सांगता विद्यार्थ्यांना?" आणि त्याने सांगितलेलं त्यांनी आपल्या वहीत लिहून घेतलं. मेळाव्याला पैसे देऊन बोलावलेल्या पाहुणीला वाकोडे अडवू शकले नाहीत.

अकोटला पोचून उस्मानने सगळं सांगितलं तेव्हा रईसा कडाडली. "उन लोगां का पानी बच गया. हमारा घर?"

"एका बाईनं विचारलं, रईसा."

"मैं भी पूछ रही हूं ना. जवाब दो."

रईसा चार दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. पाचव्या दिवशी त्याची बॅग भरताना तिने विचारलं, "खरंच ऐंशी टँकर लागतात?" तो हो म्हणाला. "बाप रे," ती म्हणाली, आणि बॅगेत चिवड्याचा डबा ठेवला. तिचा राग उतरलाय, हे त्याने त्यावरून समजून घेतलं. तरी एसटीत बसल्यावर त्याला पहिल्यांदा वाटलं की आपण चूक केली. हे वाटणं बरेच दिवस गेलं नाही.

टाकळीच्या लोकांनी विहीर आणि तिच्याभोवतीचं रान सोडून बाकीची जमीन विकली. गोल्फ मैदान काही झालं नाही. पुढच्या वर्षी जमिनीचा बाजार बसला, वाकोड्यांनी प्लॉट तसेच विकले. हमरस्त्यावर एक कमान उभी राहिली, तिच्यावर काठी उगारलेल्या माणसाचं चित्र.

मेळाव्याच्याच वर्षी पावसाळा संपताना उस्मानला अकोल्याहून फोन आला होता. भगवंतराव नावाचे गृहस्थ, शेतकी शिकवून निवृत्त झालेले. ते मेळाव्यात सोफ्यावर बसले होते. "तुम्ही ते रेतीचं म्हणालात ना, तेव्हापासून डोक्यात आहे. पातूरजवळ माझी सोळा एकर बरड आहे. कुसळाशिवाय काही उगवत नाही. येऊन बघता?"

उस्मान गेला. जमीन दगडगोट्यांची, उताराची, मधून कोरडा नाला. त्याने दोन दिवस ती पायांनी मोजली आणि सहा होल बसतील असं सांगितलं. ब्राउन बनवायला रेती नाल्यातलीच घेतली. जळकं ऑइल पातूरच्या गॅरेजमधून आणलं. पहिला ब्राउन फुटला, कारण तेल जास्त झालं होतं. तो खणून पुन्हा केला. अकोल्याचे सात-आठ डॉक्टर आणि दोन वकील यायला लागले. सुरुवातीला उस्मान महिन्यातून दोनदा येई. मग त्याने अकोल्यात काठ्या दुरुस्तीची खोली घेतली आणि दोन हजार नऊच्या जूनमध्ये, उज्माची शाळा उघडायच्या आधी, बिऱ्हाड हलवलं. विभावरीबाई दरवर्षी चार-पाच विद्यार्थी घेऊन ब्राउनवर सराव करायला येत. मिळकत कामठीपेक्षा जास्त नव्हती, पण रोज घरी जेवायला मिळत होतं.

अम्मी डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांच्याकडे राहायला आली. हिरवी पट्टी सुटून चष्मा लागला, त्या आठवड्यात तिने पातूरला न्यायला लावलं. सकाळचं ऊन होतं. ती एका मोठ्या दगडावर चादर टाकून बसली. समोर अकोल्याचे नावाजलेले हाडांचे डॉक्टर चेंडू मारत होते आणि उस्मान त्यांच्यामागे उभा होता. "कोपर, साहेब. कोपर. किती वेळा सांगू?" डॉक्टर ओशाळून पुन्हा उभे राहिले.

फेरी संपल्यावर अम्मीने उस्मानला जवळ बोलावलं. "वो डॉक्टर हैं ना? इनका पोस्टर देखा था मैंने अस्पताल में."

"हां अम्मी."

"और तू उनको डांटता है?"

"डांटना पडता है. ऐकत नाही ते."

अम्मीने चष्मा सारखा केला आणि मैदानाकडे पाहिलं. "आगे वाला भी कोपर हिला रहा है," ती म्हणाली. "जा, उसको बोल."