फोटोतून कापलेले बूट

गेल्या वर्षी एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी संध्याकाळी, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जमलेली रक्कम मी मोठ्याने वाचून दाखवली: चौसष्ट हजार पाचशे रुपये. देणारी घरं अडतीस. हजर होते सोसायटीचे अध्यक्ष, माझी बायको, तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका आणि गाडी लावायला आले म्हणून थांबलेले दहा-बारा जण. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले. त्या टाळ्या आठवल्या की अजून मान खाली जाते.

मी एका पतसंस्थेत हिशेब बघतो. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या या इमारतीत राहायला आलो त्या वर्षापासून गणपतीची वर्गणी, पाण्याच्या टँकरचे पैसे, वॉचमनची दिवाळी, सगळं माझ्याकडेच असतं. एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही. या एका गोष्टीचा मला अभिमान होता आणि हे वर्गणीचं काम त्याच अभिमानाने अंगावर घेतलं होतं.

माझी धाकटी बहीण युगांडात असते. मेहुणे तिथल्या साखर कारखान्यात आहेत. त्यांच्या वसाहतीजवळच्या गावात एक शाळा आहे, तिथे बहीण आठवड्यातून दोनदा इंग्रजी शिकवते. फेब्रुवारीत तिचा फोन आला. शाळेतला गणिताचा शिक्षक सोडून चालला होता, कारण शहरातली शाळा त्याला जास्त पगार देत होती. सातवीच्या मुलांची नोव्हेंबरात मोठी परीक्षा. तिच्यात पास झाल्याशिवाय पुढच्या शाळेत प्रवेश नाही. शिक्षक टिकवायचा तर जून ते नोव्हेंबर असा सहा महिन्यांचा पगार लागणार होता. आपल्या पैशांत महिना बारा हजार.

"बहात्तर हजार," मी म्हणालो.

"तू लगेच गुणाकार करणार हे मला माहीत होतं, दादा. सोसायटीत विचारून बघ ना."

मी विचारलं. लिफ्टमध्ये कागद लावला: युगांडातील एका शाळेच्या गणित शिक्षकाचे सहा महिन्यांचे वेतन. पंधरा दिवसांत तीन हजार शंभर रुपये जमले. त्यातले दोन हजार माझेच.

"पगाराला कोण पैसे देतं हो?" अध्यक्ष मला जिन्यात म्हणाले. "आपल्याकडचे मास्तर पगार घेऊनही शिकवत नाहीत, आणि तुम्ही परदेशातल्या मास्तरचा पगार काढताय!"

निवृत्त काका जरा मऊ बोलणारे. ते म्हणाले, "आधी पोटाला मिळू दे त्या लेकरांना. गणित काय, होईल नंतर. फोटोबिटो नाहीत का? जरा कळवळा येईल असे?"

फोटो होते. बहिणीने अकरा पाठवले होते. इस्त्रीचे गणवेश, तेल लावून चोपलेले केस, खडूने भरलेला फळा, हसणारी मुलं. मी ते बायकोला दाखवले.

"ही कुठे गरीब वाटतात?" ती म्हणाली. "आपल्या सोसायटीतली पोरं याहून गबाळी असतात."

मलाही तेच वाटलं होतं. मग एक फोटो सापडला. शाळेच्या वाचनाच्या खोलीच्या दारात, उंच पायरीवर, एक मुलगा उभा होता. अनवाणी, डोळ्यांवर ऊन आल्यामुळे कपाळाला आठ्या. मागे मातीच्या रंगाची भिंत. फोटोच्या खालच्या बाजूला, पायरीखाली भिंतीला टेकवून, काळ्या बुटांची एक रांग होती. सगळ्यात पुढचा जोड नवा दिसत होता.

बूट मला दिसले होते. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर दोनतीन जणांना मी "लक्षात आलं नाही" असं सांगितलं आणि ते खरं नाही. मोबाइलवर बोटाने फोटोची खालची कड वर सरकवली. रांग गेली. उजवीकडे मुलाच्या हातात पुस्तक होतं, ती कडही आत घेतली. राहिला एक अनवाणी, आठ्या घातलेला मुलगा आणि भिंत. खाली मी स्वतः लिहिलं: "याच्या पायात चप्पल नाही. तुमच्या दारात किती जोड आहेत, मोजा."

जुना कागद काढून लिफ्टमध्ये हा लावला. लोकांनी मोजले असावेत. लिफ्टमधून वर जाताना समोर तो मुलगा आणि घराच्या दारात चपलांचं स्टँड. आठवड्याभरात पाकिटं यायला लागली. कोणी पाचशे, कोणी पाच हजार. एका बाईंनी मुलाच्या वाढदिवसाच्या केकचे पैसे दिले. माझा हिशेब चोख होता. गणिताच्या शिक्षकाचा उल्लेख कागदावर कुठेच उरला नव्हता. पण पैसे शेवटी त्यालाच जाणार होते ना, असं मी मनाशी म्हणत होतो.

मे महिन्यात बहीण सुट्टीला आली आणि तिच्याबरोबर त्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. चाळिशीच्या, उंच, संथ बोलणाऱ्या. त्यांना गोदावरी बघायची होती आणि त्र्यंबकेश्वरलाही जायचं होतं.

"तिकीट तुम्हीच काढलं असेल त्यांचं," मी बहिणीला फोनवर विचारलं होतं.

"का? त्यांनी स्वतः काढलं. नवरा पोस्टात साहेब आहे त्यांचा. दोन वर्षं साठवत होत्या."

मी विमानाची वेळ लिहून घेतली.

त्या जेवायला आल्या त्या दुपारी वीज गेली होती, म्हणून दोघी पाच मजले जिना चढून आल्या. बायकोने सकाळपासून एकच घोर लावून घेतला होता: बाईंना चपला बाहेर काढायला कसं सांगायचं? वाईट तर वाटणार नाही? दार उघडलं तर बाई उंबऱ्याबाहेर वाकून सँडलचा पट्टा सोडत होत्या. दोन्ही सँडल त्यांनी भिंतीला टेकवून जोडीने ठेवल्या आणि आत आल्या.

"शिकवलंस वाटतं?" बायको बहिणीच्या कानात म्हणाली.

"शिकवायचं काय त्यात, वहिनी? त्यांच्याकडेही बाहेरच काढतात. शाळेत वाचायच्या खोलीत चटया आहेत, तिथेसुद्धा पोरं बूट बाहेर ठेवूनच जातात."

मी पाण्याचे पेले भरत होतो. पाणी ताटात सांडलं.

जेवताना बाईंनी पुरणाची पोळी अर्धी ठेवली. फार गोड झाली त्यांना. आमच्या घरात पानात कोणी काही टाकलं की एक वाक्य ठरलेलं होतं, मी माझ्या मुलाला ते निदान शंभर वेळा ऐकवलं असेल: "टाकू नकोस, आफ्रिकेत पोरं उपाशी मरतात." बायकोने त्या अर्ध्या पोळीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ती पटकन ताक आणायला उठली.

लिफ्टमधला कागद माझ्या डोक्यातून जात नव्हता. उठून काढून टाकता आला असता. पण पाहुणे जेवत असताना यजमानाने उठून कुठे जायचं? मी दहीभात कालवत बसलो आणि वीज येऊ नये अशी आशा करत राहिलो. जिन्याने आल्या तशा जिन्याने जातील. हात धुवायला उठलो आणि पंखा सुरू झाला.

लिफ्टमध्ये आम्ही तिघं होतो. दार लागलं आणि बाईंची नजर कागदावर गेली. त्या मोठ्याने हसल्या, आनंदाने. त्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, "हा माझा मुलगा!" मग माझ्याकडे वळून, "तुम्ही त्याला इथे लावलंत? काय लिहिलंय?"

बहिणीने कागद वाचला. तिने तो आधी पाहिलेलाच नव्हता.

"अभ्यासू मुलगा आहे, असं लिहिलंय," मी म्हणालो.

पाच मजल्यांची लिफ्ट मिनिटभरात खाली येते. तेवढा वेळ त्या बाई मुलाच्या फोटोकडे बघत खूश होत्या. खाली दार उघडलं तेव्हा बहीण मराठीत म्हणाली, "दादा, तू सांगतोस की मी सांगू?"

मी सांगितलं नाही. तिने सांगितलं. एकेक शब्द, चपलांच्या मोजणीसकट.

बाई परत लिफ्टमध्ये शिरल्या आणि कागदाजवळ गेल्या. बराच वेळ त्या कागदाच्या खालच्या कडेकडे बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "इथे त्याचे बूट होते. सातवीत गेला म्हणून मी घेतले. रोज स्वतः पॉलिश करतो. कुठे गेले?"

"मी कापले," मी म्हणालो.

"का?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते मी दिलंही, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. बूट दिसले असते तर कोणी पैसे दिले नसते.

त्या पार्किंगमधल्या बाकावर बसल्या. आवाज त्यांनी एकदाही चढवला नाही. बहीण मध्ये बसून मराठीत सांगत होती, काही मला थेट कळत होतं. आमच्या गावात गरिबी आहे, त्या म्हणाल्या, मी ती नाकारत नाही. काही मुलं खरंच अनवाणी येतात, आणि त्यांचाही फोटो असा लावू दिला नसता. आम्ही तुमच्याकडे एक शिक्षक मागितला. माझा मुलगा त्याच वर्गात आहे, मलाही तो शिक्षक हवाय. पण हे पैसे घेऊन गेले तर घरी काय सांगू? तुझे बूट विकून गणित आणलं?

"मग काय करू?" मी विचारलं.

"ज्यांनी दिले त्यांना खरं सांगा. मग जे देतील ते आम्ही घेऊ."

"त्यात निम्मे जातील."

"जातील," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पूर्ण फोटो छापून आणला, बुटांसकट, आणि त्याखाली पहिला मजकूर लिहिला. मग अडतीस दारं वाजवली. आयुष्यात वर्गणी मागायला मी पुष्कळ दारांत उभा राहिलो आहे. परत द्यायला पहिल्यांदाच उभा राहिलो.

"म्हणजे पायात बूट आहेत त्याच्या?" अध्यक्ष म्हणाले. "मग कशाला पाहिजेत पैसे?"

"गणिताच्या शिक्षकाला."

"ते तुम्ही आधीच म्हणाला होतात."

"हो."

"मग मध्ये हे नाटक कशाला केलंत?" त्यांनी पाकीट परत घेतलं. घेताना हसले, पण पैसे माझ्यासमोर मोजले. एवढ्या वर्षांत माझ्या हातून घेतलेले पैसे कोणी माझ्यासमोर मोजले नव्हते.

केकचे पैसे देणाऱ्या बाईंनी फोटो हातात घेऊन नीट पाहिला. "गोड आहे पोरगा," त्या म्हणाल्या. "माझाही सातवीतच आहे, गणितात ढ. असू देत पैसे." त्यांना गणिताचा शिक्षक म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागलं नाही. मीच आधी नीट विचारलं नव्हतं.

खरी पंचाईत निवृत्त काकांच्या दारात झाली. ते पाकिटाला हातच लावेनात.

"दान दिलेलं परत घेत नाहीत," ते म्हणाले. "मी हातावर पाणी सोडून दिलंय. आता घेतलं तर मला पाप."

"मग शिक्षकाला देऊ?"

"छे! पगार म्हणजे काय दान झालं का? मी लेकराच्या पायासाठी दिले होते."

"लेकराच्या पायात बूट आहेत, काका."

"ते तुम्ही बघा. मला परत नको आणि पगाराला नको. त्र्यंबकेश्वरला अन्नदानात टाका."

असं म्हणणारे ते एकटे नव्हते. अकरा घरांनी हेच सांगितलं, थोड्याफार फरकाने. मला राग येत होता. पण या लोकांचा कळवळा जिथे जाऊन अडकला होता, तिथे तो मीच नेऊन ठेवला होता, त्यामुळे रागवायची माझी सोय नव्हती.

संध्याकाळी बहिणीला आकडे सांगितले आणि म्हणालो की राहिलेले मी घालतो. मुदतठेव मोडतो.

"नको," ती म्हणाली. "तुझे दोन हजार आधीचे आहेत, ते राहू दे. जास्तीचे देशील ते स्वतःला बरं वाटावं म्हणून देशील. तिकडच्या पोरांच्या डोक्यावर तुझं प्रायश्चित्त कशाला, दादा?"

"मग शिक्षक जाईल."

"बाईंनी काल गावात फोन केला. कमी पडेल तेवढा पगार पालक मिळून देतील म्हणाले. कोणी रोख, कोणी मका. गेल्या वर्षीही त्यांनीच दिला होता."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस का?"

नाशिक सोडायच्या आदल्या दिवशी बाई निरोप घ्यायला आल्या. सँडल पुन्हा भिंतीला टेकवून ठेवल्या. लिफ्टमधला नवा कागद त्यांनी पाहिला होता. त्याबद्दल त्या एवढंच म्हणाल्या की पुस्तकाचं नाव वाचता येतंय आता. मला माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

हिशेब असा झाला. चौसष्ट हजार पाचशेपैकी आठ घरांना परत दिले चौदा हजार दोनशे. अकरा घरांच्या सांगण्यावरून त्र्यंबकेश्वरला अन्नदानासाठी भरले तेवीस हजार, पावती काकांकडे दिली. एकोणीस घरांनी खरं ऐकूनही राहू दिले, ते सत्तावीस हजार तीनशे. हे पैसे जूनच्या पहिल्या आठवड्यात बहिणीच्या इथल्या खात्यात भरले आणि तेवढ्याचे शिलिंग तिने तिकडे शाळेत, पालकांच्या समोर, गणिताच्या शिक्षकाच्या हातात दिले.