मी डेक्कनची

लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा माझ्याजवळ मिरवण्याजोग्या दोनच गोष्टी होत्या: लांब वेणी आणि इंग्रजीतली बी.ए. वेणी पुढे गळून गेली. बी.ए.चं काय झालं ते सांगते.

सासर सुरतेतल्या उधना भागात. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की शेजारच्या शेडमधल्या मागांचा खटखटाट मऊ होत जायचा, कुणी झोपेत श्वास घ्यावा तसा. मी खिडकीत एक जुनं इंग्रजी पुस्तक घेऊन बसायचे. त्यात पानापानावर 'द डेक्कन' यायचं. काळी जमीन, डोंगरी किल्ले, धुक्यात उभे घोडे. माझं माहेर खान्देशात, शिरपूरजवळ, तापीच्या काठी. तिथे घोडा पाहिला तो टांग्याचा आणि धुकं चुलीचं. पण तो शब्द नुसता पुटपुटला तरी मी घोड्यावर असायचे, आणि पदर वाऱ्यावर.

शब्द मुळात आपलाच. दक्षिणचं दख्खन झालं, साहेबाच्या तोंडात डेक्कन. साहेबाने तो हवा तसा वापरला. कधी नर्मदेखालचा सगळा मुलूख डेक्कन, कधी फक्त घाटावरचा मराठी भाग. आमच्या गुजराती शेजारणींच्या लेखी तर झाडून सगळे मराठी 'दक्षिणी'. गंमत बघा, माझं गाव सुरतेच्या सरळ पूर्वेला, नकाशात पाहिलं तर केसभर उत्तरेलाच. सकाळचा सूर्य माझ्या माहेरावरून उगवून यायचा, तापीचं पाणी तिकडूनच वाहत यायचं, आणि ही शहाणी पुलाच्या कठड्याला टेकून स्वतःला दक्षिणेची समजायची!

तशात एका मराठी शाळेत इंग्रजीची जागा निघाली. मोठ्या बाई पुण्याच्या, कडक इस्त्रीच्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "व्हेअर डू यू कम फ्रॉम?"

खान्देश म्हणायला काय झालं होतं? पण सुरतेत खान्देश म्हटलं की लोकांपुढे मागावरचा कामगार उभा राहायचा, आणि मला तर घोड्यावर राहायचं होतं. मी मान तिरकी करून म्हटलं, "फ्रॉम द डेक्कन, मॅडम."

बाई खुलल्या. "म्हणजे आपल्याकडच्याच! बरं झालं. दिवाळीपर्यंत बघू, मग कायम करू."

घरी हे ऐकून नवऱ्याने हात जोडले. "डेक्कनच्या महाराणी, गरिबाला चहा मिळेल का?"

हसू दे, म्हटलं. नोकरी मात्र मला जिवापाड हवी होती. खिडकीत बसून स्वप्नं बघायला बरं वाटतं, जन्मभर तिथेच बसायचं म्हटलं की धडकी भरते.

मी वरच्या वर्गांवर बदली तास घेऊ लागले आणि श्रावण आला. सासरही मूळचं खान्देशातलंच; आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. नारळाला नथ-डोळे लावून, साडी नेसवून चौरंगावर मांडतात. तिच्या रोटांचा प्रसाद घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचा, परक्याला कणभर द्यायचा नाही. त्या संध्याकाळी देवीपुढे अहिराणी गाणी रंगली होती, उदबत्तीच्या धुरात सगळं घर तरंगत होतं. मी कमरेला पदर खोचून, डोळे मिटून गात होते. डोळे उघडले तर दारात मोठ्या बाई! पंधरा ऑगस्टच्या भाषणाचं सांगायला आल्या होत्या.

त्यांनी भक्तिभावाने देवीला नमस्कार केला आणि प्रसादासाठी हात पुढे केला. सासूबाईंनी रोटाचं ताट मागे ओढलं.

"बाई, राग नका मानू. कानबाईना रोट घरनासलेच देतस, बाहेरनासले नही."

बाईंचा हात तसाच हवेत. "अशी रीत डेक्कनमध्ये? मी पुण्याची, मला कशी ठाऊक नाही?"

"डेक्कन काय शे?" सासूबाई म्हणाल्या. "आम्ही खान्देशना शेतस."

नवरा भिंतीकडे तोंड करून खोकू लागला. तो खोकला नव्हता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी देवीकडे पाहिलं. देवी कुणाकडेच बघत नव्हती. जाताना बाई एवढंच म्हणाल्या, "उद्या ऑफिसात या."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले. नोकरी गेलीच, हे मनाशी धरून. उलट्या पावली खिडकीत परत जाताना मी मला दिसत होते.

"आता सांगा, डेक्कन म्हणजे काय?"

"म्हणजे... साहेबाच्या हिशेबाने खान्देशही कधीकधी त्यात येतो, मॅडम."

"आणि तुमच्या हिशेबाने?"

"मी तो कधी पाहिलाच नाही. पुस्तकात छान वाटला."

बाईंच्या ओठाचं एक टोक हललं. "सासूबाई बोलल्या ती भाषा तुम्हाला येते?"

"मी तीच बोलत मोठी झाले."

"मग पाचवी ब घ्या. सगळी मागवाल्यांची मुलं. घरी एक भाषा, रस्त्यावर गुजराती, वर्गात आमची मराठी, आणि आता वर इंग्रजी. माझ्यासमोर तोंडच उघडत नाहीत. ती बोलायला लागली तर तुम्ही कायम."

मला मॅट्रिकच्या मुलींपुढे कविता म्हणायच्या होत्या. पदरात पडली पाचवी ब. वर्गात शिरले तर सगळे उभे राहून गुड मॉर्निंग ओरडले आणि मग चिडीचूप. मागांचा आवाज तिथवर येत होता. मागच्या बाकावरची एक मुलगी नाक ओढत माझ्याकडे एकटक बघत होती.

मी विचारलं, "काय वं, काय देखस?"

वर्गभर खसखस पिकली. तिने नाक पुसलं. "बाई, तुम्ही कोठला?"

मी गावाचं नाव सांगितलं. तिथे तिची मावशी दिली होती. ती दप्तर उचलून सरळ पहिल्या बाकावर आली, दोघींना ढकलून मध्ये बसली आणि म्हणाली, "मंग माले बी येई इंग्रजी."