नणंदेच्या घोट्यावर माझा पाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हालाही एकदम सांगता येईल असं वाटत नाही – थोडा वळसा घालून येते, चालेल ना?

आमच्या पांढुर्ण्यात पाय मुरगळला की आधी हळद-चुना गरम करून लावतात, वरून एरंडाचं पान बांधतात, आणि मग पायाळू माणूस शोधतात. पायाळू म्हणजे जन्मताना पायाकडून आलेला. त्यानं दुखऱ्या जागी तीनदा पाय लावला की दुखणं उतरतं म्हणतात. खरंच उतरतं का? मला लहानपणापासून याचं भारी कुतूहल. उतरत असेल तर कशानं – पायानं, की पाय लावणाऱ्यावरच्या विश्वासानं?

मी पायाळू नाही. मोहगावला, माहेरच्या घरी, चांगली डोक्याकडून जन्मले. पण लग्नाला महिनाही झाला नव्हता आणि सासूबाईंच्या कमरेत चमक भरली. त्या ओसरीवर आडव्या पडून आळीत कुणी पायाळू आहे का म्हणून विचारत होत्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं – मी आहे ना! का बोलले? माझ्या पोळीला, चालीला, बोलण्याला नावं ठेवणाऱ्या बाईच्या कमरेला पाय लावायला मिळणार होता, हे एक. आणि दुसरं – बघावं तरी काय होतं ते! तीनदा पाय लावला. संध्याकाळी त्या उठून बसल्या आणि मला चहा कर म्हणाल्या, पहिल्यांदाच गोड आवाजात.

तिथून माझं बस्तान बसलं. आभाळ भरून आलं की सासूबाई मला अंगणातही जाऊ देत नसत – पायाळू माणसावर वीज पडते म्हणे. संत्र्याच्या बागेतलं काम टाकून मी खुशाल घरात बसायची. गोटमारीच्या – नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगडफेक करायच्या आमच्या जत्रेच्या – दुसऱ्या दिवशी तर नदीतल्या दगडांवरून पळताना पाय मुरगळलेले सात-आठ जण दारात असायचे. बहुतेक बरे व्हायचे. मुरगळलेला पाय आठवड्याभरात तसाही उतरतोच की – पण नाव माझं व्हायचं, आणि मला ते आवडायचं.

इथपर्यंत हसत सांगता येतं. पुढचं नाही.

माझी नणंद सुषमा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे सौंसरच्या रस्त्यावर धावायची. घरात तिच्या धावण्याचं कौतुक करणारी मी एकटीच. भरतीला महिना उरला असताना तिचा पाय खड्ड्यात गेला. घोटा टम्म सुजला. ती मला हळूच म्हणाली, "वहिनी, मले दवाखान्यात ने ना. पाय टेकूनच नाही राहिला."

सासूबाईंनी ऐकलं. "घरी पायाळू सून असून दवाखाना कायले?"

मी पाय लावला. आणि – आता सांगतेच – माझ्या टाचेखाली काहीतरी करकरलं. तोवर मी इतके घोटे तुडवले होते, की मुरगळलेला पाय असा करकरत नाही हे मला कळत होतं. हाड होतं ते. सुषमानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मुरगळलाय फक्त, उतरेल.

पितळ उघडं पडेल म्हणून भ्याले? तसं म्हणणं सोपं आहे. पण पडलं नसतं हो – मोडलेल्या हाडापुढे पायाळूचं काय चालणार, असं म्हणून लोकांनी मला सांभाळूनच घेतलं असतं. मग गप्प का बसले? मला बघायचं होतं. माझ्या पायानं हाडही जुळतं का, ते. त्यापायी अठरा दिवस मी त्या पोरीला हळद-चुन्यात बांधून ठेवलं. रोज पट्टी सोडायची, घोटा निरखायचा आणि म्हणायचं, आज कमी आहे.

शेवटी नागपूरला नेलं. हाड वाकडं जुळलं होतं. भरती गेली. सुषमा आजही उजवा पाय ओढत चालते. मी ते केलं, जाणूनबुजून.

आता ती सावरगावला, नदीपलीकडेच नांदते. गेल्या महिन्यात तिच्या जावेचा पाय मुरगळला, तर ती तिला रिक्षात घालून थेट माझ्या दारात घेऊन आली. आधी एक्स-रे काढू, असं जाऊ म्हणत होती. सुषमानं तिला दटावलं, "माहा पाय गेला ना, तेव्हा वहिनीनं अठरा दिवस केलं माहं. सख्खी बहीण नाही करत इतकं."

मी जावेच्या घोट्याला पाय लावला. सुषमा शेजारी उभी राहून मोजत होती – एक, दोन, तीन.