बत्तीस लाद्या

थोरला भाऊ मुंबईला दगडाच्या वखारीत कारकून होता. १९३० नंतरच्या एका हिवाळ्यात त्याने अंगणासाठी बत्तीस लाद्या आगबोटीने पाठवल्या. आईचे गुडघे धरले होते. ओणव्याने एवढे अंगण सारवणे तिला जमत नाही, हे त्याने गणपतीला आला असताना पाहिले होते. रत्नागिरी बंदरात लाद्या आगबोटीतून पडावात, पडावातून किनाऱ्यावर उतरल्या आणि बैलगाड्यांनी मिरजोळ्याला आमच्या घरी आल्या. एकही फुटली नव्हती.

बसवल्यावर पंधरा दिवसांत त्या हलू लागल्या. आधी तुळशीजवळच्या चार, मग पायरीसमोरच्या, शेवटी जवळजवळ सगळ्या. पाय पडला की खट्‌ असा आवाज होई. एक पाहुणे अडखळले आणि म्हणाले, मुंबईचा माल, एका जागी कसा बसेल? सगळे हसले. वडील हसले नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी भावाला पत्र लिहिले. पाठवलेल्या लाद्या वाकड्या आहेत, वखारीत राहून तुला दगड पारखता येत नाही, चारचौघांत हसे झाले, असा मजकूर होता. पत्र मीच पेटीत टाकले. टाकण्यापूर्वी वाचले होते.

फाल्गुनात भाऊ तापाने गेला. मी मुंबईला जाऊन त्याची ट्रंक घेऊन आलो.

वैशाखात वडिलांनी त्याच गवंड्याला पुन्हा बोलावले. सगळ्या लाद्या काढून गोठ्यामागे टाका, अंगण पूर्वीसारखे करा, असे त्यांनी सांगितले. आई दारात उभी होती. तिने फक्त विचारले की त्या ठेवता येणार नाहीत का. वडील म्हणाले, दगडच वाईट आहे.

गवंड्याने पहारीने पहिली लादी उचलली. खालचा चुना तिला चिकटून अखंड वर आला. त्याच्या तळाला वाळलेला हिरवट पापुद्रा होता. गवंड्याने तो नखाने खरवडला आणि हुंगला. मग लादी उताणी ठेवून तिच्यावर लाकडी पट्टी उभी धरली. पट्टीखाली कुठेही उजेड दिसला नाही.

"लादी सरळ हाय, काका," तो म्हणाला. "खालती शेण हाय. मी जमीन खणून, चोपून गेलो होतो. सारवली कोणी?"

"मी," आई म्हणाली.

गवंडी जमीन तयार करून दुसऱ्या दिवशी कामासाठी देवरूखला गेला होता. लाद्या त्याच्या दोन गड्यांनी बसवल्या. लाद्या बसवण्याच्या आदल्या संध्याकाळी आईने दुखऱ्या गुडघ्यांनी, बसत बसत, ते चोपलेले अंगण सारवले होते. आमच्याकडे न सारवलेल्या जमिनीवर भाताची रास घालत नाहीत, पाटही मांडत नाहीत. लेकाने पाठवलेली वस्तू उघड्या मातीवर कशी ठेवायची, असे तिला वाटले. गड्यांच्या घरीही तीच रीत असल्याने त्यांना त्यात वावगे दिसले नाही. सारवणावर चुना धरला नाही.

वडील ओटीवर बसले होते. मग त्यांनी मला विचारले, "माझं पत्र त्याला पोचलं होतं?"

मी आत जाऊन ट्रंकेतून पत्र आणले. ते फोडलेले होते. पाठीमागे भावाने पेन्सिलीने चार ओळी लिहिल्या होत्या. लाद्या सरळ, पाठवण्यापूर्वी स्वतः तपासल्या. चुना कोणता वापरला ते विचारणे. जमीन खणली होती का ते विचारणे. आईने सारवली असेल तर तिला बोलू नये, असे वडिलांना लिहिणे.

पण तसे उत्तर त्याने लिहिले नव्हते. मधे ताप आला.

वडिलांनी कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. त्यात काय लिहिलेय, असे आईने विचारले. लाद्या चांगल्या आहेत असे लिहिलेय, असे त्यांनी सांगितले. गवंड्याला म्हणाले, "खरवडा आणि पुन्हा बसवा. सगळ्या."

काम चार दिवस चालले. आई रोज लाद्यांवर पाणी मारत होती. पाचव्या दिवशी वडील पायरी उतरले आणि तुळशीपर्यंत जाऊन परत आले. आवाज झाला नाही. मग त्यांनी पुन्हा एक फेरी घातली.